नवा बँड सॉ वाकडा का कापतो?

घरगुती लाकूडकामासाठीचा लहान बँड सॉ आता अकोले तालुक्यातल्या राजूरसारख्या डोंगराकडेच्या गावातही मागवता येतो. खोके उघडायचे, स्टँड जोडायचा, पाते चढवायचे आणि बटण दाबायचे, एवढे सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. मग पहिली फळी आत सरकवली की पाते रेघ सोडून एका बाजूला पळते, किंवा कापलेला तुकडा मधोमध फुगलेला निघतो, किंवा मशीन इतकी थरथरते की टेबलावर ठेवलेली पेन्सिल घरंगळून खाली पडते. यावर निष्कर्ष बहुधा एकच निघतो: मशीन खराब लागली. माझे म्हणणे असे आहे की हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्यापायी चांगल्या मशीन कोपऱ्यात धूळ खात पडतात. बँड सॉमध्ये लाकूड कापते ते पाते. बाकी सगळ्या यंत्राचे काम त्या पात्याला पुरेसे ताणून एका वाटेने फिरवत ठेवणे एवढेच आहे. कारखान्यातून ही वाट अर्धीच आखून येते. उरलेली अर्धी घेणाऱ्याने आखायची असते, आणि त्यातला क्रम चुकला तर महागडी मशीनही वाकडीच कापते.

पाते मुख्य आणि यंत्र दुय्यम, याला या यंत्राचा इतिहासच साक्षी आहे. विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये इंग्लंडात बँड सॉचे पेटंट घेतले. दोन चाके आणि त्यांवरून फिरणारी दातेरी पट्टी ही कल्पना तेव्हाच पूर्ण होती. तरीही पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तिचा व्यवहारात उपयोग झाला नाही, कारण पट्टीची दोन टोके जिथे जोडली जात तिथेच ती तुटत असे. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या आन पोलिन क्रेपँ या बाईंनी टिकाऊ जोड देण्याची रीत शोधली, पॅरिसच्या पेरँ यांनी पुढे पात्यात सुधारणा केल्या आणि मग हे यंत्र खऱ्या अर्थाने चालू लागले. आजच्या मशीनवर पात्याला काय सोसावे लागते तेही पाहण्यासारखे आहे. चौदा इंची, म्हणजे चौदा इंच व्यासाच्या चाकांच्या, मशीनचे पाते सुमारे २.४ मीटर लांब असते आणि मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने धावते. म्हणजे मिनिटाला पावणेचारशे फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकून सरळ होणे. जाड पाते लहान चाकावर चढवले की ते काही तासांत तडकते, याचे कारण हेच. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या जवळपास असावी असा जुना आडाखा आहे. बाजारातली पाती बहुधा त्याहून जाड असतात. म्हणून आठ-नऊ इंची टेबलावरच्या मशीनसाठी पाते घेताना लांबी जुळली एवढ्यावर समाधान मानू नये, जाडीही विचारावी.

तेव्हा नव्या मशीनवरचा पहिला खर्च चांगल्या पात्यावर व्हावा. सोबत आलेले पाते मशीन फिरते की नाही हे पाहण्यापुरते ठेवावे. दात किती हवेत ते लाकडाच्या जाडीवर ठरते. इंचाला तीन-चार दात असलेले पाते जाड लाकूड उभे फाळायला, सहा दातांचे रोजच्या कामाला, दहा ते चौदा दातांचे पातळ फळीला. कोणत्याही क्षणी निदान तीन दात लाकडात असावेत, नाहीतर दात अडकतो आणि तुटतो. दात फार झाले तर त्यांच्यामधल्या खाचा भुशाने गच्च भरतात, भुसा बाहेर पडत नाही, पाते तापते आणि वाट सोडते. जाड लाकूड बारीक दातांनी फाळायला जाणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणता येईल. रुंदीचा संबंध वळणाशी आहे. सहा मिलिमीटर रुंद पाते सुमारे १६ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते, दहा मिलिमीटरचे ३६ च्या आसपास आणि बाराचे साठ-पासष्टच्या खाली वळत नाही. राजूरकडे हाती येणारे लाकूडही ध्यानात घ्यायला हवे. आंबा तुलनेने मऊ असतो. सागात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे तो हाताला मऊ लागला तरी दात लवकर बोथट करतो. ऐन आणि वाळलेली बाभूळ तर साध्या कार्बन स्टीलच्या पात्याची परीक्षाच पाहतात. सागाची दहा-बारा लांब कापणी झाल्यावर मशीन अचानक बिघडल्यासारखी वाटली तर ती मशीन उघडण्याआधी पाते बदलून पाहावे.

यानंतर ताण. इथे थोडे गणित केले तर पुष्कळ गैरसमज दूर होतात. बारा मिलिमीटर रुंद आणि ०.६ मिलिमीटर जाड पात्यातून दातांची खोली वजा केली की ताण घेणारी रुंदी सुमारे नऊ मिलिमीटर उरते, म्हणजे ५.४ चौरस मिलिमीटर पोलाद. कार्बन स्टीलच्या पात्याला प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे साधारण १०० न्यूटन ताण लागतो. पाते वरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ओढते, त्यामुळे चाकाच्या आसावर जवळजवळ ११०० न्यूटन, म्हणजे ११० किलोंचे ओझे येते. पातळ पत्र्याच्या लहान मशीनची चौकट एवढे ओझे घेताना वाकते आणि आतली स्प्रिंग पूर्ण दबून जाते. त्याच मशीनवर सहा मिलिमीटरचे पाते लावले तर हे ओझे पन्नास किलोंच्या आत राहते आणि मशीन ते सहज पेलते. रुंद पाते सरळ कापते हे खरे, पण पुरेसा ताण मिळाला तरच. कमी ताणलेल्या रुंद पात्यापेक्षा नीट ताणलेले अरुंद पाते सरळ चालते. मशीनवरच्या ताणाच्या खुणा अंदाजापुरत्याच धराव्यात. वरचा गाइड, म्हणजे पात्याला बाजूने आणि मागून आधार देणारा भाग, टेबलापासून सुमारे १५० मिलिमीटर उंच घ्यावा आणि मशीन बंद असताना मधोमध पात्याला बोटाने बाजूने दाबावे. बेताच्या जोराने पाते पाच-सहा मिलिमीटर सरकले तर ताण कामापुरता आहे. त्याहून जास्त सरकले तर कापलेला तुकडा फुगलेला निघणार, कारण समोरून लाकडाचा रेटा आला की ढिले पाते आधी मागे आणि मग बाजूला झुकते.

ताण दिल्यावर पाते चाकावर कुठे धावते ते पाहायचे, आणि हाच सगळ्या जुळवणीचा गाभा आहे. बहुतेक लहान मशीनच्या चाकांवर रबराची पट्टी असते आणि ती मधोमध किंचित उंच, शेतातल्या वरंब्यासारखी असते. सपाट पट्टा अशा उंचवट्याच्या माथ्याकडे आपोआप चढतो, म्हणून पाते चाकावरून घसरत नाही. वरच्या चाकामागचा स्क्रू ते चाक जरासे पुढे-मागे कलवतो आणि पाते त्याप्रमाणे सरकते. हे करताना प्लग काढलेला असावा आणि वर-खाली दोन्हीकडचे गाइड पात्यापासून लांब सारलेले असावेत. अनेक जण गाइड तसेच ठेवून पाते चढवतात. मग पाते कुठे धावायचे ते चाकाऐवजी गाइड ठरवतात, आणि पुढची प्रत्येक जुळवणी त्या चुकीवर उभी राहते. चाक हाताने सावकाश फिरवावे, स्क्रू पाव फेरा द्यावा, पुन्हा दोन-चार फेऱ्या फिरवावे आणि पाहावे. दातांमधल्या खाचांचा तळ वरच्या चाकाच्या माथ्यावर आला की थांबावे. असे केले की पात्याचा सर्वांत ताणलेला भाग दातांच्या अगदी मागे येतो आणि पुढची बाजू टेबलाशी सरळ राहते. काही युरोपीय मशीनची चाके सपाट असतात आणि त्यांत दात चाकाच्या कडेबाहेर ठेवायचे असतात, तेवढे पुस्तिकेत पाहून घ्यावे.

गाइडचे काम त्यानंतर सोपे होते. बाजूचे गाइड दातांच्या खाचांच्या थोडे मागे आणि पात्यापासून कागदाच्या जाडीएवढ्या अंतरावर ठेवावेत. दातांवर आले तर ते दातांचा फाक, म्हणजे दोन्ही बाजूंना वाकवलेली टोके, चेपून टाकतात आणि नवे पाते एका मिनिटात निकामी होते. पात्यामागचे बेअरिंग लग्नपत्रिकेच्या कार्डाएवढी फट ठेवून बसवावे. लाकूड आत जात असतानाच ते फिरले पाहिजे. रिकाम्या मशीनवर सतत फिरत असेल तर पाते मागून घासले जाऊन कडक होते आणि तडकते. वरचा गाइड कापायच्या लाकडाच्या जेमतेम वर आणावा. पाते कमी उघडे राहते, सरळ चालते आणि बोटांनाही धोका कमी होतो. टेबल पात्याशी काटकोनात आहे का हे गुण्याने पाहता येते, पण दातांच्या वाकवलेल्या टोकांमुळे गुण्या फसतो. त्यापेक्षा एक रास्त कसोटी आहे. सुमारे ७५ मिलिमीटर उंच ठोकळा टेबलावर उभा ठेवून त्याच्या कडेत जेमतेम चीर पाडावी. मशीन बंद करावी, ठोकळा उलटा करून पात्याच्या मागे न्यावा आणि पात्याची पाठ त्या चिरेत सहज बसते का ते पाहावे. बसली तर टेबल बरोबर आहे. वरच्या टोकाला शिरते आणि खाली अडते असे झाले तर दिसणारी चूक प्रत्यक्षातल्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून ही कसोटी गुण्यापेक्षा बारीक आहे.

आता तक्रारीकडे. पाते फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीला, समांतर न कापता तिरके जाते तेव्हा फेन्सच तेवढी तिरकी बसवावी, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो देणारे अनुभवी असतात आणि त्या दिवसापुरते काम निभते हे मान्य केले पाहिजे. पण पाते बदलले की तिरकेपणाही बदलतो, एवढ्यावरूनच मूळ दोष फेन्सचा नसतो हे कळते. तिरके जाण्याची खरी कारणे थोडी आहेत. पाते चाकाच्या माथ्यावर नसते, किंवा एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा बोथट झालेले असतात, बहुधा लाकडातला खिळा लागून, किंवा लाकूड ढकलण्याचा जोर पात्याच्या भुसा बाहेर टाकण्याच्या ताकदीपेक्षा जास्त असतो. ही तपासून झाल्यावरही थोडा कल उरला तर फेन्स अवश्य जुळवावी. पहिल्याच दिवशी ती तिरकी केली तर दोष झाकला जातो. ठरावीक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर चाक हाताने फिरवून पात्याचा जोड तपासावा. जोडाची गाठ घासून साफ केलेली नसते आणि ती गाइडला लागते. मशीन थरथरत असेल तर आधी मोटरचा पट्टा पाहावा. खोक्यात महिनोन्‌महिने एकाच घडीत राहिलेला पट्टा तसाच आकार धरतो आणि दर फेरीला झटका देतो. तासभर चालल्यावर तो बहुधा सरळ होतो. चाकावरच्या रबरावर चिकटलेला डिंकमिश्रित भुसाही हाच त्रास देतो. आणि नवे पाते लाकूड कापायच्या ऐवजी नुसते घासून जाळत असेल तर दात वर करून तर चढवले नाही ना, ते बघावे. गुंडाळलेले पाते उघडताना आतली बाजू बाहेर येणे फार सोपे आहे. टेबलावर दात खालच्या दिशेने यायला हवेत.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. गावातला सुतार यातले काहीच करत नाही, हातकरवतीने आणि गुण्याने चौकटी चोख बसवतो, आणि मोठे लाकूड सॉ मिलमध्ये फाळून मिळते. मग हा खटाटोप कशाला? सुताराच्या हातकरवतीला खटाटोप नसतो असे मुळीच नाही. तो कानशीने दात लावतो, दातांचा फाक नीट करतो आणि हे इतक्या सवयीने करतो की पाहणाऱ्याला ते काम वाटत नाही. सॉ मिलचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. तिथे पाते बोथट झाले की काही तासांतच उतरवून धारेला जाते आणि दुसरे चढते. मशीन वाकडी कापू लागली तर तिथला माणूस आधी पात्याकडे पाहतो. लहान मशीन घेणाऱ्याने तेवढाच पोक्तपणा दाखवावा एवढीच अपेक्षा आहे. शिवाय सॉ मिल फळ्या देईल, पण पाळण्याचे वळणदार खूर, देव्हाऱ्याच्या कमानी किंवा जाड तुकड्यातून एकसारख्या दोन पातळ फळ्या काढून त्यांची नक्षी जुळवणे हे काम घरीच करायचे असते. त्यासाठी बँड सॉ गोल करवतीपेक्षा सुरक्षित आहे, कारण तो लाकूड माणसाच्या अंगावर फेकत नाही. दातांचा जोर खाली टेबलाकडे असतो. तरीही बोटे पात्याच्या रेषेत येऊ नयेत, हातमोजे घालू नयेत आणि नाकावर मास्क असावा. लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, हे घरात काम करणाऱ्याने विसरू नये.

राजूरच्या हवेचा आणि विजेचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तालुक्याच्या पश्चिमेला रतनवाडी-घाटघरकडे प्रचंड पाऊस पडतो, आणि राजूर त्याच पट्ट्याच्या उंबरठ्यावर आहे. हवेतली आर्द्रता बराच काळ नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातले पाणी वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांपर्यंत चढते. उन्हाळ्यात आर्द्रता चाळीस टक्क्यांवर आली की तेच सात-आठ टक्क्यांवर उतरते. मे महिन्यात सुरेख चालणारी मशीन ऑगस्टमध्ये अडखळू लागली तर बदलले ते लाकूड आहे. ओला भुसा खाचांत चिकटतो, त्यामुळे पावसाळ्यात कमी दातांचे पाते आणि हलका हात लागतो. घाईने वाळवलेल्या लाकडात आत ताण साठलेला असतो आणि कापताना चीर मिटून पाते घट्ट धरले जाते. हा दोष कोणाचा ते ओळखणे अवघड नाही: फळी अर्धी कापून मशीन बंद करावी आणि चिरेची सुरुवातीची रुंदी पाहावी. ती दातांच्या रुंदीपेक्षा बारीक झाली असेल तर चूक लाकडाची. पावसाळ्यात काम संपले की पात्याचा ताण सैल करावा, पात्यावर आणि बिडाच्या टेबलावर तेलाचा किंवा मेणाचा हलका हात फिरवावा. चार महिने ताणून ठेवलेल्या पात्यामुळे रबरावर खड्डा पडतो आणि मग तो थरथरीचे कारण होतो.

विजेचेही तसेच. पाऊण अश्वशक्तीची मोटर चालताना सुमारे पाच अँपिअर घेते, पण सुरू होताना वीस-पंचवीस. घरातून मागच्या पडवीत ३० मीटर लांबीची एक चौरस मिलिमीटरची एक्स्टेन्शन नेली तर सुरू होण्याच्या क्षणी तारेतच २५ व्होल्टच्या आसपास नाहीसे होतात. आधीच १९० व्होल्ट येत असतील तर मोटर नुसती घुमते, पट्टा घसरतो आणि मोटर जळाली असे वाटते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हे नुकसान निम्म्याहून खाली येते. वीज कापणीच्या मध्येच गेली आणि आपोआप परत आली तर मशीन आपली आपण सुरू होता कामा नये. वीज जाताच बंद होणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच नसेल तर तो बसवून घ्यावा, आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

कायद्याची एक गोष्ट या भागात टाळता येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जवळच आहे. शिवाय वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या आदेशापासून सॉ मिलवर कडक नियंत्रण आहे. लाकूड-उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फर्निचरसारख्या उद्योगांना परवान्यातून सूट देताना बँड सॉ नसावा आणि गोल करवत ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावी अशी अट आहे. हे नियम ओंडके फाळणाऱ्या गिरण्यांसाठी आहेत, टेबलावरच्या छंदाच्या मशीनशी त्यांचा संबंध नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि तो मला रास्तही वाटतो. पण नियमात नाव बँड सॉचेच आहे. म्हणून मशीन घेण्याआधी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारावे, आणि लाकूड कोठून घेतले त्याची पावती जपून ठेवावी, मग ते शेताच्या बांधावरचे असले तरी.

हे सगळे करूनही मशीन खरोखरच सदोष निघू शकते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चाक हाताने फिरवताना डोळ्यांना दिसेल इतके डुलत असेल, ताण देताना चौकट वाकून पाते पुन:पुन्हा एकाच बाजूला पळत असेल, किंवा दोन्ही चाकांवर सरळ पट्टी धरल्यावर ती एका रेषेत नसतील आणि पाते माथ्यावर ठेवताच येत नसेल, तर हे दोष जुळवणीने जाणारे नाहीत. दोन चाकांत थोडाच फरक असेल तर आसामागे वॉशर घालून तो काढता येतो, पण मशीन वॉरंटीत असताना ते करू नये. विक्रेत्याकडे तक्रार करताना पाते कोणते, रुंदी किती, दात किती, लाकूड कोणते आणि कसे वाळवलेले, हे सगळे लिहून द्यावे. चाकाचे डुलणे मोबाइलवर चित्रित करून सोबत जोडावे. नवे, चांगले पाते चढवून घेतलेली चाचणी त्यात असलीच पाहिजे, कारण ती नसेल तर दुकानदार सगळा दोष पात्यावर ढकलेल आणि त्याला खोडून काढायला हातात काही नसेल.